माघारी जायची तालीम

स्टाफरूममध्ये कुणी शिंकलं की रुपनवर मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "कोपरात, सर, कोपरात. हवा काय आपल्या एकट्याची न्हाय." शिंकणारा शिपाई असो नाहीतर प्राचार्य, वाक्य तेच. एकदा एक पाहुणे पर्यावरणावर भाषण द्यायला आले होते. त्यांना भर व्यासपीठावर शिंक आली आणि पहिल्या रांगेतून हेच वाक्य आलं. बिचाऱ्यांनी उरलेलं भाषण तोंडावर रुमाल धरून उरकलं. पोरांना त्यातलं काही कळलं नाही, पण पोरांना तसंही काही कळणार नव्हतं.

मी त्या कॉलेजात क्रीडा संचालक. म्हणजे पाटीवर क्रीडा संचालक, पोरांच्या तोंडी पीटी मास्तर. आमचं कॉलेज बारामती आणि इंदापूरच्या मध्ये, चारी बाजूंनी ऊस. गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या गाण्यांपुढं आमचं राष्ट्रगीत ऐकू येत नाही. अशा ठिकाणी रुपनवर मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. बुटक्या, काटक, नऊवारीतल्या बाया चालतात तशा ढांगा टाकत पाचवारीत चालणाऱ्या. पायात कायम पोरांसारखे बूट. मी एकदा म्हणालो, "मॅडम, साडीवर बूट?" तर म्हणाल्या, "पाय माझं हायत, साडीचं न्हाईत."

माहेर निरवांगीचं, मेंढरं राखणारं घर. लहानपणी बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर आणि त्या बिऱ्हाडावर बसलेल्या मॅडम. पुढं शिकल्या, आणि डॉक्टरेट केली ती मेंढरांच्या पोटातल्या जंतांवर. त्यांच्या वडलांना, आबांना, याचं अखेरपर्यंत नवल होतं. "जंत तर मला बी ठावं हायती," ते म्हणायचे, "मला कुणी कसा डाक्टर म्हनला न्हाय?" ही गोष्ट मॅडम स्वतःच हसत सांगायच्या.

त्यांच्या दोन बोल्या होत्या. खुशीत असल्या, वाद घालत असल्या, पोरींच्या आईबापांशी बोलत असल्या, की निरवांगीची. वर्गात मात्र पुस्तकी. आणि राग आला की त्याहून पुस्तकी. "आपण कृपया" अशी सुरुवात झाली, की ज्याच्याशी बोलतायत त्याचं काही खरं नाही हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं.

आता त्यांच्या मनातल्या काट्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कोरोना आला तेव्हा वरून फर्मान निघालं, वसतिगृह रिकामं करा. झालं, सगळ्यांनीच केलं. पोरींना सामान आवरायलाही धड वेळ मिळाला नाही. मिळेल त्या जीपमध्ये, टेम्पोत, भावाच्या मोटारसायकलवर पोरी गेल्या. मॅडम गेटवर उभ्या राहून एकेकीला बसवून देत होत्या. त्यांत निर्मला म्हणून एक पोरगी होती, तिसऱ्या वर्षाची. मॅडमच्या शब्दांत सांगायचं तर, "ती प्रश्न इचारायची तवा मला घरी जाऊन वाचायला लागायचं." तिलाही मॅडमनी स्वतःच्या हातानं जीपमध्ये बसवलं. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा निर्मला आली नाही. तिच्यासारख्या आणखी बऱ्याच आल्या नाहीत. मॅडम सुट्टीच्या दिवशी स्कूटी काढून गावोगाव हिंडल्या. निर्मलाच्या सासरचा पत्ता शोधून तिथंही गेल्या. दार उघडलं ते तिनंच, कडेवर तान्हं घेऊन. तिनं विचारलं, "मॅडम, कॉलेज सुरू झालं व्हय?"

ते सांगताना मॅडम माझ्याकडं बघत नव्हत्या. "घरात रिकामी बसलीय पोरगी, जेवायला तोंडं कमी, मांडव लहान, उरकून टाका, असं झालं समदीकडं," त्या म्हणाल्या. "साथ कशाचीबी असू द्या सर, पोरींना ती घरी धाडल्यावर लागती. आन् मीच जीपमध्ये बसवलं तिला." मी त्यांची समजूत काढायला गेलो की सगळ्यांनीच केलं ते. तर म्हणाल्या, "सगळ्यांचं सगळे बघतील. गेटवर मी हुते."

त्यामुळं पुढं काही वर्षांनी जेव्हा कागद आला की फ्लूची मोठी साथ येण्याची शक्यता धरून प्रत्येक कॉलेजनं पूर्वतयारीचा आराखडा करावा, तेव्हा आमच्यापैकी कुणी तो मनावर घेतला नाही, पण मॅडमनी घेतला. आमच्याकडं समिती म्हणजे चहा. मी समितीत होतो कारण माझ्याकडं शिट्टी होती, गर्दी हलवायला उपयोगी पडेल म्हणून. प्राचार्यांनी दुसऱ्या एका कॉलेजचा आराखडा आणून ठेवला होता, नाव बदललं की काम झालं. त्यातली पहिलीच ओळ होती, वसतिगृह तात्काळ रिकामे करावे.

मॅडमनी पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

"अहो मॅडम, ती तर मुख्य ओळ आहे," प्राचार्य म्हणाले.

"आपण कृपया माझं ऐकून घ्यावं," मॅडम म्हणाल्या, आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

त्या पंधरावीस मिनिटं बोलल्या असतील. फ्लू कसा पसरतो, बंद खोलीत किती, उघड्या व्हरांड्यात किती. पोरी घरी पाठवल्या म्हणजे ताप पन्नास गावांत वाटून दिला, असंही त्या म्हणाल्या. आणि शेवटी पुस्तकी मराठी संपली. "आमच्या मेंढवाड्यात मेंढरू आजारी पडलं तर ते बाजूला काढत्यात. कळप हाकलून देत न्हाईत. आन् बाजूला काढलेलं बी एकटं ठेवत न्हाईत. एकटं मेंढरू चारा सोडतं, तापापरीस त्यानंच मरतं. म्हणून त्याला दुसरी मेंढरं दिसतील असं बांधायचं. मधी अंतर, पण नजरंला नजर."

प्राचार्य चांगले गृहस्थ, पण भित्रे. "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"लेखी द्याल?"

"आत्ता देते."

दिलंही. आणि मग पहिला घाव माझ्यावरच पडला. नजरेला नजर मिळेल अशी खोली कॉलेजात एकच होती. दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, एका अंगाला लांब व्हरांडा. ती माझी टेबल टेनिसची खोली. मी खूप भांडलो. आमचा एक पोरगा विद्यापीठात खेळून आला होता, त्याचं उदाहरण दिलं. मॅडम म्हणाल्या, "सर, टेबल कुठं जातंय? त्यावर गादी टाकली की पलंग झाला." तेव्हापासून आमचं टेबल टेनिस पार्किंगच्या शेडमध्ये, बाकं जोडून, सुरू आहे आणि वारा सुटला की चेंडू उसात जातो.

खोली तयार झाली. आजारी मुलगी आत राहणार, आणि जेवायच्या वेळी तिची मैत्रीण बाहेर व्हरांड्यात, खिडकीपासून लांब ताट घेऊन बसणार. दोघींनी बोलत जेवायचं. आराखड्यात मॅडमनी हे कलम घातलं होतं आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ते वाचून फोन केला, की मॅडम, ही कल्पना कुठल्या देशाची? मॅडम म्हणाल्या, "निरवांगीची."

मग पहिली रंगीत तालीम झाली. आणि तिथं मॅडम सपशेल आपटल्या.

पेशंट व्हायला आरती उभी राहिली. आरती डाळजची, दुसऱ्या वर्षाची, स्नेहसंमेलनात हमखास रडायचं काम करणारी. तिनं काम इतकं जीव लावून केलं की स्ट्रेचर धरणाऱ्या पोरीच खऱ्या रडायला लागल्या. नेमकी तेव्हाच तिच्या गावचा एकजण एमआयडीसीतली पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी चालला होता. त्यानं कंपाउंडवरून बघितलं: मास्क लावलेली माणसं, अंगावर पांढरे कपडे, स्ट्रेचरवर आपल्या बबनतात्याची पोरगी. त्यानं गाडी तिथंच लावली आणि गावात फोन केला.

तासाभरात पिकअप भरून डाळज आलं. पुढं बबनतात्या, आरतीचे वडील, पायात चप्पल नाही, उसाला पाणी धरता धरता तसेच निघालेले, गुडघ्यापर्यंत चिखल. मागं बायका हंबरडा फोडायच्या बेतात. आणि आरती कॅंटीनला वडापाव खात बसलेली. तात्यांनी पोरीला बघितलं, खाली बसले आणि नुसते धापा टाकत राहिले. मग उठून मॅडमना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तात्या थांबल्यावर म्हणाल्या, "तात्या, चूक माझी. पोरींची तालीम घेतली, तुमची घ्यायची राहिली."

मला वाटलं बोलण्याची एक रीत. पण छे. त्या रात्रंदिवस त्याचाच विचार करत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "सर, साथ आल्यावर पोरी घाबरणार न्हाईत, त्या ऐकतील. घाबरणार बाप. बाप गाडी काढणार, हितं येणार, पोरगी घेऊन जाणार. मग माझी खोली, माझ्या खिडक्या, सगळं ग्येलं पाण्यात. बापाला माघारी जाता आलं पाहिजे. आन् ते शिकवल्याबिगर यायचं न्हाय."

तर त्यांनी पालकांची तालीम ठेवली. रविवारी, जेवणासकट, नाहीतर कोण येतंय. माणसं आली. फेटे, टोप्या, नव्या जीन्समधले भाऊ, डोक्यावर पदर घेतलेल्या आया. मॅडमनी कर्ण्यावरून सांगितलं: असं समजा, साथ आलीय. तुम्हाला फोन आलाय. तुम्ही धावत आलाय. आता करायचं काय? गेटवर नाव सांगायचं. हात धुवायचे. व्हरांड्यात लांब उभं राहून पोरीला बघायचं, बोलायचं, काय आणलं असेल ते ठेवायचं. आणि रिकाम्या हातानं माघारी जायचं.

माझं काम शिट्टी वाजवायचं. शिट्टी वाजली की एक बाप पुढं. तुम्हाला सांगतो, एवढी साधी गोष्ट, पण कुणाला जमेना. एकजण खिडकीपाशी जाऊन ढसाढसा रडायलाच लागला, पोरगी आतून म्हणतेय, "दादा, खोटं खोटं हाय." एक आजी पोरीचा हात धरून चालूच लागली. मॅडम आडव्या आल्या तर म्हणाली, "माझी नात हाय, तुझं काय जातंय?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "आजी, पुन्यांदा," म्हणाल्या. आजीला चारदा माघारी जायला लावलं. चौथ्यांदा ती गेली, आणि गेटबाहेर जाऊन डोळे पुसले. तेव्हा कुणी हसलं नाही.

बबनतात्याही त्या दिवशी आले होते. पोरीला लांबून बघितलं, शेंगांची पिशवी ठेवली आणि मागं न बघता निघून गेले. मॅडम म्हणाल्या, "पहिला नंबर तात्यांचा."

ही तालीम दर सहामाहीला व्हायला लागली. बाकीच्या कॉलेजांतले लोक आम्हाला हसायचे. भिगवणच्या पाण्यावरची पाखरं बर्ड फ्लूनं मेल्याची नुसती अफवा आली तरी मॅडम खोलीच्या चादरी बदलायच्या. मी म्हणायचो, "मॅडम, एवढं करून साथ आलीच नाही तर?" त्या म्हणायच्या, "तर बरंच की. तुमचं टेबल परत देते." पण दिलं नाही.

मग त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, आरती तिसऱ्या वर्षाला असताना, थंडीत वसतिगृहात ताप आला. आधी दोघीतिघींना, मग खोलीच्या खोली. डॉक्टर आले, नमुने पुण्याला गेले. साधा फ्लू की दुसरा काही, हे कळेपर्यंत कुणाच्याच हातात काही नव्हतं, आणि मोबाईलवर तोवर वाट्टेल ते फिरायला लागलं. प्राचार्यांचा धीर सुटला. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, वसतिगृह रिकामं करून टाकू, सुंठीवाचून खोकला जाईल. मॅडमनी विचारलं, "आपण कृपया ते लेखी द्याल?" ते काही त्यांनी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालक आले. मी गेटवरच होतो. आणि काय सांगू, माणसं ओळीनं हात धुवायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. बघितलं, बोलले, डबे ठेवले, गेले. चारदा माघारी गेलेली ती आजीही आली. नातीला लांबून म्हणाली, "औषिद घे गं वेळंला," आणि वळली. मला शिट्टी वाजवायची वेळच आली नाही.

बबनतात्या मात्र हात न धुता गेटवर उभे राहिले. सोबत मेव्हणा.

"बाई, पोरगी द्या आमची."

"तिला ताप न्हाय, तात्या," मॅडम म्हणाल्या. "ती ठणठणीत हाय."

"म्हणूनच द्या. व्हायच्या आत नेतो."

"आन् तिच्या अंगात आत्ता असला तर? घरात म्हातारी हाय तुमच्या."

मेव्हणा मध्येच बोलला, "रईवारी पाव्हणं येत्यात बघायला. चांगलं ठिकाण हाय. तशीबी सुट्टी पडणारच हाय न्हवं कॉलेजला."

मॅडमचा चेहरा मी बघत होतो. मला वाटलं आता "आपण कृपया" येणार. आलं नाही. त्या गेटच्या आणखी जवळ गेल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"तात्या, तालमीत तुमी काय केलं हुतं?"

"माघारी गेलतो."

"मग?"

"ती तालीम हुती, बाई."

"तालीम करून नाटकाच्या दिवशी घरी बसत्यात व्हय?"

तात्यांनी मान खाली घातली, पण हलले नाहीत. मॅडमनी आरतीला बोलावलं. ती व्हरांड्याच्या कडेला येऊन उभी राहिली. "तुमी तिलाच इचारा," मॅडम म्हणाल्या. "येते म्हणाली तर मी आत्ता गेट उघडते. मी आडवी येणार न्हाय."

लेखी जबाबदारी घेणारी ही बाई, आणि एवढं सगळं एका पोरीच्या जिभेवर सोडून उभी. आरती बापाला कधी उलटून बोललेली नसणार, ते तिच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. स्नेहसंमेलनात धो धो रडणारी पोरगी, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी न्हाय येत. पाव्हण्यांना सांगा, पोरगी परीक्षेला बसलीय."

मेव्हणा काहीतरी बोलायला गेला. तात्यांनी हातानंच त्याला थांबवलं. पोरीकडं बराच वेळ बघितलं. मग वळले, आणि गेले. मॅडमनी गेटचा गज धरला होता तो हात सोडायला त्यांना जरा वेळ लागला. नंतर पुण्याहून कळलं, साधाच फ्लू होता. पोरी बऱ्या झाल्या. त्या वर्षी वसतिगृहातली एकही पोरगी परीक्षेला गैरहजर नव्हती. मॅडम मे महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात प्राचार्यांनी पूर्वतयारीच्या आराखड्याचं भरभरून कौतुक केलं, जणू ती पहिली ओळ त्यांनीच खोडली होती. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. एक दिवस बबनतात्या आले, सोबत धाकटी पोरगी आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंक खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "रुपनवर बाई कुठं हायत?"

मी सांगितलं, निवृत्त झाल्या. आता घाडगे मॅडम रेक्टर आहेत. घाडगे मॅडम शेजारीच उभ्या होत्या. नव्या, तरुण, रुपनवर मॅडमच्याच विद्यार्थिनी. तात्यांनी त्यांना वरून खाली बघितलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "त्या बाई आसत्या तर ठेवली असती."

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन केला. त्या बारामतीतच राहायच्या. स्कूटीवर आल्या. मला वाटलं, आता आत येतील, तात्यांना चहा पाजतील, मी आहेच की म्हणतील. पण त्यांनी स्कूटी गेटच्या बाहेर लावली आणि बाहेरच उभ्या राहिल्या.

"बाई," तात्यांचा चेहरा उजळला. "तुमी हाय म्हणून आलोय. तुमच्या भरवशावर हिला ठेवतो."

"मग नका ठेवू," मॅडम म्हणाल्या.

तात्यांनी हातातली ट्रंक खाली टेकवली.

"मी उद्या मेले तर पोरगी घरी न्याल? साथ काय मला इचारून येणार हाय का? ती येईल तवा गेटवर मी नसणार. ही असणार." त्यांनी घाडगे मॅडमकडं बोट केलं. "काय इचारायचं ते हिला इचारा. मला न्हाय." आणि पाठ करून रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर बघत उभ्या राहिल्या. जून महिना, एकही ट्रॅक्टर नव्हता.

तात्यांनी घाडगे मॅडमना विचारलं, "साथ आली तर पोरगी घरी धाडणार का तुमी?"

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा कापरा होता.

"आन् मी न्यायला आलो तर?"

घाडगे मॅडमनी एकदा गेटबाहेर बघितलं. तिथून काही मदत येणार नव्हती, नुसती पाठ होती. मग त्यांनी तात्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तर तुम्हाला माघारी पाठवीन."

तात्यांनी पोरीला म्हटलं, "चल," आणि ट्रंक खांद्यावर घेऊन आत गेले.

मी बाहेर आलो. म्हटलं, "मॅडम, आत तरी या. चहा घ्या."

"नको," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "आत आले तर सगळी पुन्हा माझ्याकडंच बघत्याल." त्यांनी स्कूटी सुरू केली, गेटकडं एकदाही न बघता वळवली आणि बारामतीच्या रस्त्याला लागल्या.